मुलगी नुसती चालतेय, मग कराटे कधी शिकणार?

ताई, तुमचा प्रश्न असा आहे: अकरा वर्षांची मुलगी वर्षभर गोजू-र्यू कराटेच्या वर्गाला जाते, पण तिचे सर रोज अर्धा तास घशातून आवाज काढत सावकाश चालायला लावतात. शेजारच्या वर्गातली मुलं उड्या मारून लाथा मारतात, पदकं आणतात. मग ही शैली आली कुठून, तिच्यामागचा विचार काय, आणि कराटे बोधिधर्मानं भारतातून नेलं असं सर सांगतात ते खरं का?

मी पस्तीस वर्षं गोजू-र्यू करतोय, त्यातली पंचवीस शिकवतोय. त्याआधी कोल्हापुरात तालमीत होतो, म्हणून मधूनमधून मातीतल्या गोष्टी येतील. आधी एवढं सांगतो की, तुमच्या मुलीला जे चालायला लावतात त्याला सांचिन म्हणतात, आणि ते या शैलीचं मूळ आहे. ते मन लावून करून घेणारा शिक्षक मिळणं ही चांगली गोष्ट आहे. का, ते सांगायला नाहा बंदरापासून सुरुवात करावी लागेल.

आज जपानचा भाग असलेलं ओकिनावा हे पूर्वी र्यूक्यू नावाचं स्वतंत्र राज्य होतं. चीन, जपान आणि आग्नेय आशिया यांच्या मधोमध बसलेली छोटी बेटं, आणि सगळं पोट दर्यावर. 1609 मध्ये जपानच्या सात्सुमा सरदारांनी ते राज्य जिंकलं, पण चीनशी असलेला नजराण्याचा संबंध चालूच ठेवला, कारण व्यापार त्यातूनच होत होता. नाहा हे त्या राज्याचं बंदर. तिथल्या कुमे नावाच्या वस्तीत फुजियान प्रांतातून आलेली चिनी घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहत होती आणि समोरच्या किनाऱ्यावर फुजौ शहरात र्यूक्यूच्या लोकांसाठी स्वतंत्र उतारा होता. माणसं जात-येत होती. त्यांच्याबरोबर औषधं गेली, कापड गेलं, ग्रंथ गेले आणि हाताची विद्याही गेली. नाहामध्ये जी पद्धत रुजली तिला पुढं नाहा-ते म्हणू लागले, म्हणजे नाहाचा हात. राजवाडा असलेल्या शुरी गावाची पद्धत वेगळी. आपल्याकडे जी शोतोकान शैली सगळीकडे दिसते तिचं मूळ प्रामुख्यानं शुरीकडचं आहे. मुलांच्या उभं राहण्यात आणि श्वासात जो फरक दिसतो तो तिथून सुरू होतो.

अनेक वर्गांत सांगतात की, शस्त्रबंदी झाली म्हणून गरीब शेतकऱ्यांनी हातांनी लढणं शोधलं. ऐकायला ते छान वाटतं, पण ज्यांची नावं आपल्याला माहीत आहेत ते बहुतेक गुरू दरबारी किंवा सरदारी घराण्यांतले होते, काही खाऊनपिऊन सुखी व्यापारी घरांतले, तर काही दर्जा असूनही गरिबीत आलेल्या घरांतले. दिवसभर ऊस तोडून आलेल्या माणसाला रात्री दोन तास सांचिन करायला ताकद आणि सवड कुठून येणार?

नाहा-तेमधलं मोठं नाव कानर्यो हिगाओन्ना. जन्म 1853, नाहाचा. घरचा धंदा लहान जहाजातून सरपण आणून विकण्याचा. तरुण वयात ते फुजौला गेले आणि तिथं एका गुरूकडे राहिले. ओकिनावात त्या गुरूंचं नाव र्यू र्यू को असं जतन झालंय. ते नेमके कोण यावर संशोधकांची मतं जुळत नाहीत, पण विद्या कुठल्या मुशीतली आहे ते तिच्या अंगावरच लिहिलेलं आहे. हिगाओन्नांनी आणलेल्या सांचिनचं भावंड आजही फुजियानच्या श्वेत क्रौंच शैलीत बघायला मिळतं, नावही तेच, 'तीन लढाया'. फक्त तिकडे हात बहुधा उघडे असतात आणि गती जास्त असते. ओकिनावात मुठी मिटल्या, श्वास लांबला, पावलं जड झाली.

या श्वेत क्रौंच शैलीची उत्पत्तिकथा तुमच्या मुलीला जरूर सांगा. परंपरा तिचं श्रेय फांग चीन्यांग नावाच्या मुलीला देते. ती एका क्रौंच पक्ष्याला काठीनं हाकलायला गेली. पक्षी उडाला नाही. पंखांनी काठी बाजूला सारत, अंग वळवत, चोचीनं परत टोचत तो तिथंच उभा राहिला. ती दमली, पक्षी दमला नाही. बापाकडून शिकलेल्या कठोर विद्येत तिनं ते अंग वळवणं मिसळलं, अशी गोष्ट. इतिहास म्हणून मी ती सांगत नाही, पण या शैलीनं स्वतःची आठवण कशी जपली ते त्यातून कळतं. तिच्या मुळाशी जोरापुढं टिकून राहिलेली एक मुलगी आणि एक पक्षी आहे.

आता बोधिधर्म. इथं मी तुमच्या सरांशी सहमत नाही, आणि हे लिहिताना वाईटही वाटतं, कारण वीस वर्षांपूर्वी मी स्वतः विद्यार्थ्यांना हेच सांगत होतो. बोधिधर्म हे पाचव्या-सहाव्या शतकातलं नाव. ध्यानमार्गाचे आचार्य म्हणून चीनमध्ये त्यांना फार मोठा मान आहे. त्यांनी शाओलिनच्या भिक्षूंना व्यायाम शिकवला असं सांगणारा जो चिनी ग्रंथ आहे तो सतराव्या शतकातला, म्हणजे मध्ये हजारावर वर्षं गेलेली. चीनमधल्या इतिहासकारांनीच विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या दाव्याला आधार नाही हे दाखवून दिलं. मुलांना अभिमान वाटावा म्हणून सांगितलेली गोष्ट खोटी निघाली, तर उद्या त्यांचा आपल्या बाकीच्या शिकवण्यावरही विश्वास राहत नाही.

पण भारताचा धागा अजिबात नाही असंही नाही. तो शब्दांत आहे आणि माझ्या मते बोधिधर्माच्या कथेपेक्षा सुंदर आहे. 'कराते' हा शब्द पूर्वी 'तांगचा हात', म्हणजेच चिनी हात, असा लिहीत. ऑक्टोबर 1936 मध्ये नाहात तिथल्या गुरूंची बैठक झाली आणि पहिलं अक्षर बदलून 'रिकामा हात' असं लिहायचं ठरलं. रिकामा या अर्थाचं ते अक्षर तेच, ज्यानं चिनी बौद्ध पंडितांनी आपल्या संस्कृत 'शून्य' शब्दाचं भाषांतर केलं होतं. गोजूमधलं 'गो' म्हणजे कठोर. हेच अक्षर 'कोंगो' या जपानी शब्दात येतं आणि कोंगो म्हणजे आपलं वज्र. जपानी देवळांच्या दारात दोन वज्रधारी द्वारपाल असतात, एकाचं तोंड उघडं आणि दुसऱ्याचं मिटलेलं. त्यांच्या त्या उच्चाराला 'आ-उन' म्हणतात, तो संस्कृतातून गेलेला. एक श्वास सोडतोय, एक धरून आहे. सांचिन करणाऱ्याला त्या मूर्ती बघताना जे वाटतं ते समजवायला वेगळे शब्द लागत नाहीत. आणि गोजू-र्यूमधल्या सर्वांत मोठ्या काताचं नाव सुपारिंपेई, म्हणजे चिनी उच्चारात एकशेआठ. आपल्या जपमाळेचे मणी जितके, तितकेच. (काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका. तीच आमची पोथी.)

हिगाओन्नांकडे 1902 मध्ये चौदा वर्षांचा एक मुलगा आला, चोजुन मियागी. जन्म 1888 चा, चीनमधून औषधं आणून विकणाऱ्या सधन घराचा वारस. त्याला आधी घरकाम आणि मग वर्षानुवर्षं फक्त सांचिन दिलं. तेरा वर्षं तो त्याच गुरूंकडे राहिला. 1915 मध्ये हिगाओन्ना गेले. मियागी त्या सुमारास फुजौला जाऊन आले, गुरूंच्या गुरूंचा माग काढायला. घरचा पैसा असून या माणसानं आयुष्यभर दुसरं काही केलं नाही. शिकला, शिकवलं, जुळवलं, लिहून काढलं. हिगाओन्नांनी विद्या आणली, पण तिची शैली बांधली मियागींनी.

नाव मात्र जवळजवळ योगायोगानं मिळालं. 1930 च्या सुमारास जपानच्या मुख्य भूमीवर युद्धकलांचं मोठं प्रात्यक्षिक होतं. मियागींनी आपले पट्टशिष्य जिनआन शिंझातो यांना पाठवलं. कार्यक्रमानंतर कुणीतरी विचारलं, तुमच्या शैलीचं नाव काय? जपानी शैलींना रीतसर नावं असत. ओकिनावात नुसतं 'ते' म्हणत, हात. शिंझातोंनी वेळ मारून नेली आणि 'हान्को-र्यू' म्हणजे अर्धकठोर शैली असं काहीसं सांगितलं. परत येऊन गुरूंच्या कानावर घातलं. मियागी रागावले नाहीत, विचार करत राहिले. मग त्यांनी बुबिशी उघडली.

बुबिशी हा चिनी हस्तलिखितांचा संग्रह. ओकिनावात गुरू स्वतःच्या हातानं त्याची नक्कल करून शिष्याला देत. त्यात श्वेत क्रौंच शैली आहे, मर्मस्थानं आहेत, जखमांवरची औषधं आहेत आणि मुष्टिविद्येच्या आठ ओळी आहेत. तिसरी ओळ अशी आहे की, पद्धत कठोर आणि मृदू गिळते आणि बाहेर टाकते. 'गो' कठोर, 'जू' मृदू. मियागींनी ते दोन शब्द उचलले. 1933 मध्ये क्योतोतल्या दाई निप्पोन बुतोकुकाई या युद्धकलांच्या संस्थेत गोजू-र्यू हे नाव नोंदलं गेलं.

पुष्कळ ठिकाणी या ओळीचा अर्थ 'थोडं कठोर, थोडं मृदू, दोन्हींचा समतोल' असा सांगतात. मला तो अपुरा वाटतो. ओळीतलं क्रियापद बघा, गिळणं आणि बाहेर टाकणं. ते एका श्वासाचे दोन अर्धे आहेत. समोरच्याचा जोर आत येऊ द्यायचा, पोटापर्यंत, जसा श्वास येतो, आणि तोच परत जायला लागला की आपण त्याच्यामागे असायचं. तिथं कठोर कुठं संपलं आणि मृदू कुठं सुरू झालं हे दाखवता येत नाही. या शैलीचा सगळा विचार मला या एका क्रियापदात सापडतो. बाकीच्या ओळी त्याचाच विस्तार आहेत: शरीरानं वेळेप्रमाणं बदलावं, पावलांनी पुढं-मागं व्हावं, डोळ्यांनी चार दिशा बघाव्यात, कानांनी आठ दिशा ऐकाव्यात. आणि पाचवी ओळ, हाताला रिकामी जागा भेटली की हात शिरतो. 'मी मारला' असं त्यात नाही. जागा मोकळी झाली आणि हात गेला.

आता सांचिन जवळून दाखवतो, म्हणजे तुमची मुलगी काय करते ते दिसेल.

एक पाऊल पुढं जातं, पण सरळ नाही. आत वळून, दुसऱ्या पायाच्या जवळून, अर्धचंद्रासारखं बाहेर. थांबतं तेव्हा पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या बोटांच्या रेषेत येते. पावलांची बोटं किंचित आत. गुडघे थोडे वाकलेले. कंबरेचं हाड खालून पुढं घेतलेलं, त्यामुळे पाठीचा बाक जातो. खांदे खाली. दोन्ही हात समोर, कोपर शरीरापासून मूठभर अंतरावर. नाकानं श्वास आत आणि बेंबीच्या खाली तीन बोटं जिथं तांदेन म्हणतात तिथपर्यंत. एक मूठ काखेकडे येते. मग ती मूठ निघते, एरवी ठोसा जेवढ्या वेळात दहा वेळा मारून होईल तेवढा वेळ घेत, आणि तिच्याबरोबर श्वास बाहेर. पूर्ण संपायच्या आधी एक छोटा झटका देऊन उरलेला थोडा आत राखून ठेवतात. रिकामा झालेला माणूस मार सोसू शकत नाही.

यात तीन लढाया म्हणतात त्या शरीराची, श्वासाची आणि मनाची. पहिली दोन वर्षं शरीराचीच चालते. मांड्या थरथरतात, खांदे वर चढतात. ते खाली आणले की श्वास छातीत अडकतो. तो पोटात नेला की मन म्हणतं, कंटाळा आला. त्याच जागी शिक्षकाचा हात लागतो. खांद्यावर, पाठीवर, मांडीवर, पोटावर. याला शिमे म्हणतात, तपासणी. कुठं ढिलं पडलंय, कुठं उगाच आवळलंय ते हातानं बघायचं. पोटरी दाबली की पायाची पकड कळते.

या शिमेच्या नावाखाली फार वाईट गोष्टी होतात, तेही सांगतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका शिबिरात एका प्रशिक्षकांनी सांचिनमध्ये माझ्या पाठीवर लाकडी पट्टी मोडली. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याला साधना समजत होतो आणि पुढं दोन-तीन वर्षं मीही मोठ्या मुलांना जोरानं थोपटत राहिलो. पुढं नाहाला तीन आठवडे शिकायला गेलो. तिथल्या सत्तरीतल्या शिक्षकांनी माझ्या मागं उभं राहून दोन्ही खांद्यांवर फक्त तळवे ठेवले. मी मार येणार म्हणून अंग आवळून धरलं. ते थांबले, वाट बघत राहिले. तीन श्वासांनंतर माझे खांदे आपोआप खाली आले, तेव्हा त्यांनी बोटानं पोटाकडे खूण केली आणि पुढं गेले. त्या दिवसापासून माझ्या वर्गात शिमे म्हणजे तळवा ठेवणं. तुमच्या मुलीच्या वर्गात मुलांना काठीनं किंवा जोरानं मारत असतील तर सरांशी स्पष्ट बोला, आणि ऐकलं नाही तर वर्ग बदला. तसंच, मोठ्या माणसांपैकी कुणाला रक्तदाब असेल तर घसा आवळून, श्वास कोंडून सांचिन करू नये. त्यानं दाब चढतो. मुलांनाही तो घोगरा आवाज मुद्दाम काढायला लावू नये. श्वास मोकळा ठेवला तरी सांचिन होतं.

सांचिनमध्ये गो जास्त दिसतं म्हणून मियागींनी 1921 मध्ये दुसरं काता रचलं, तेनशो. फिरणारे हात. पावलं सांचिनचीच, श्वासही तोच, पण हात उघडे. मनगट वर जातं, खाली येतं, आत वळतं, तळवा बाहेर पडतो. याचं मूळ बुबिशीतल्या सहा हस्तमुद्रांत आहे. बघणाऱ्याला ते नाजूक वाटतं, पण पंधरा मिनिटं केल्यावर कोपरापासून बोटांपर्यंतचे स्नायू जळतात. मोठी काता बाकी आठ आहेत. मियागी एकेका शिष्याला सांचिन आणि त्याच्या अंगाला शोभेल असं एखाद-दुसरं काता देत, सगळी नाहीत. उंच माणसाला एक, बुटक्या आणि बसक्या माणसाला दुसरं.

जू खरं कळतं ते काकिएमध्ये. दोघं समोरासमोर उभे राहतात, मनगटाला मनगट टेकवून. एकानं तळव्यानं समोरच्याच्या छातीकडे ढकलायचं, दुसऱ्यानं ते न अडवता आत येऊ द्यायचं, बाजूला वळवायचं आणि तोच हात परत पाठवायचा. असं पुढं-मागं, शंभर वेळा, दोनशे वेळा. मी तालमीतून आल्यामुळे मला हे लवकर उमगलं. खडाखडीत मल्ल हात लावतो तेव्हा समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते मनगटातूनच ओळखतो. डोळे तिथं मागाहून येतात. काकिएमध्ये हट्टानं ताठ राहणारा लगेच फेकला जातो आणि ढिला पडणारा चेपला जातो. माझ्याकडे बारा-तेरा वर्षांच्या मुली काकिएत मुलांपेक्षा पुढं जातात, कारण त्यांना पहिल्याच दिवशी जोरानं जिंकायची सवय नसते.

ताकद वाढवायची साधनंही बंदरातलीच, साधी. चीइशी म्हणजे लाकडी दांड्याच्या टोकाला बसवलेला दगड. तो एका हातानं आडवा धरून मनगटातून फिरवायचा. मी पहिली चीइशी रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून, त्यात फावड्याचा दांडा उभा करून बनवली. तालमीतल्या मुद्गलाची ती धाकटी बहीण आहे. फरक असा की, मुद्गल खांद्यामागून फिरतो, तर चीइशीचा सगळा ताण मनगटावर आणि पंजावर येतो. निगिरीगामे म्हणजे रुंद काठाचे मातीचे घट. पाची बोटांनी काठ धरून ते उचलायचे आणि सांचिनच्या पावलांनी चालायचं, दर महिन्याला आत थोडी वाळू वाढवत. त्याला आमच्याकडे लोणच्याच्या जुन्या चिनी मातीच्या बरण्या कामी आल्या. कोंगोकेन हे लांबट लोखंडी कडं मियागी 1934 मध्ये हवाईला गेले होते तिथल्या पैलवानांच्या व्यायामावरून घेतलं, असं सांगतात. नाव मात्र वज्राचंच.

1940 मध्ये मियागींनी शाळकरी मुलांसाठी दोन सोपी काता बांधली, गेकिसाई. तुमची मुलगी आत्ता बहुधा त्यातलंच पहिलं करत असेल. पाच वर्षांनी ओकिनावाची लढाई झाली. एप्रिल ते जून 1945 या तीन महिन्यांत लाखाहून अधिक ओकिनावन माणसं मेली. नाहा जमीनदोस्त झालं. ज्यांच्या हाती शैली जायची होती ते शिंझातो त्या लढाईत गेले. मियागींची मुलंही गेली. कागदपत्रं, वह्या, हस्तलिखितं जळाली, म्हणूनच या शैलीचा लेखी इतिहास इतका तुटक आहे. पन्नाशी उलटलेल्या त्या माणसानं नंतर पोलिसांना शिकवलं आणि नाहाच्या त्सुबोया भागात, कुंभारांच्या वस्तीत, आपल्या घरामागच्या अंगणात पुन्हा चार पोरं गोळा केली. छप्पर नव्हतं. आज जगभर जी ओकिनावन गोजू-र्यू आहे ती बहुतांशी त्या अंगणातून आणि मियागींच्या आधीच्या काही शिष्यांकडून आली. 8 ऑक्टोबर 1953 ला ते गेले. वारस नेमलेला नव्हता, म्हणून मेईतोकू यागी, एइइची मियाझातो, सेईकिची तोगुची अशा शिष्यांनी आपापले दोजो, म्हणजे सरावाचे वर्ग, काढले. मुख्य जपानात गोगेन यामागुचींनी गोजू-काई वाढवली आणि मोकळ्या कुमितेवर, म्हणजे जोडीनं लढण्यावर, भर दिला. तुमच्या सरांचा धागा यातल्या कुठल्या घराण्याशी जुळतो ते त्यांना जरूर विचारा. चांगला शिक्षक आनंदानं सांगतो.

एवढं सगळं जळताना बघितलेल्या माणसाच्या नावावर जे वचन सांगितलं जातं ते असं: कुणाकडून मार खाऊ नये, कुणाला मारू नये, काहीच न घडणं हाच पाया. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते शाळेतल्या सुविचारासारखं वाटलं होतं. आता वाटतं की, यातला क्रम महत्त्वाचा आहे. आधी मार न खाणं. ज्याच्या अंगात टिकून राहायची ताकद नाही त्याचं 'मी मारत नाही' याला काही वजन नसतं. तुमच्या मुलीला वर्गात, बसमध्ये, रस्त्यात कुणी खेटलं तर तिच्यापाशी घाबरणं आणि अंगावर धावून जाणं याच्या मधली एक जागा हवी. पाय जमिनीला धरून, श्वास पोटात ठेवून, आवाज न चढवता 'लांब हो' म्हणता येणं, ही ती जागा. सांचिनचा अर्धा तास त्यासाठी आहे.

पदकांबद्दल. स्पर्धेचं मला वावडं नाही. सुपारिंपेई जागतिक काता स्पर्धांत नेहमी दिसतं आणि चांगल्या खेळाडूनं केलेलं बघताना अंगावर काटा येतो. पण मियागींनी हयातीत कुणाला ब्लॅक बेल्टची श्रेणी दिल्याची नोंद नाही आणि त्यांच्या शिष्यांना ती उणीव वाटली नाही. दर तीन महिन्यांनी परीक्षा, दर परीक्षेला नवा रंग आणि नवी फी असं चालू असेल, तर ते शैलीच्या विचारात बसत नाही. मी स्वतः लहान मुलांना वर्षातून एकदाच परीक्षा देतो. मुलीला उड्या आणि लाथा हव्याच असतील, तर तिच्याशी बोलून ठरवा. शोतोकान किंवा तायक्वांदोमध्ये ते चांगलं शिकवतात, त्यात कमीपणा नाही. पण ती आवडीनं जात असेल तर निदान दोन वर्षं काढू नका. गेकिसाई अंगात बसलं की काकिए येईल, त्यानंतर जोडीनं लढायचा सराव, आणि तुम्हाला जे 'खरं कराटे' वाटतं ते तेव्हा दिसायला लागेल.

वर्ग नीट चाललाय की नाही हे तुम्हाला कसं कळेल? पुढच्या वेळी तिला आणायला दहा मिनिटं आधी जा आणि दारातून बघा. चेहऱ्याकडे बघू नका, आवाजाकडे लक्ष देऊ नका. पायाची बोटं बघा. मियागींनी सरावाआधीचा जो व्यायाम बांधला तोही बोटांपासूनच सुरू होतो, तिथून घोटे, गुडघे, कंबर, मान असा वर जातो. तुमची मुलगी पाऊल टेकवून थांबली की बोटं फरशीला धरतात का, आणि पुढच्या पावलासाठी सुटतात का, एवढं पाहा. वर्षभरात ते यायला लागतं. येत असेल तर सरांना नमस्कार सांगा. येत नसेल तर घरी रात्री जेवणानंतर जमिनीवर एक जुना टॉवेल पसरा आणि तिला फक्त पायाच्या बोटांनी तो आपल्याकडे ओढायला सांगा, दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. तुम्हीही शेजारी उभ्या राहून करा, तिला बरं वाटेल.